भीमगीतातून हरवलेला संवाद

श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावी १४ एप्रिलची मिरवणूक पाहताना दोन परस्परविरोधी भावना मनात येतात. ज्या बाजारपेठेतून जाताना आमच्या मागच्या पिढ्यांना अंग चोरून चालावे लागे, त्याच पेठेतून निळे निशाण घेतलेले तरुण मोकळेपणाने नाचत जातात, याचा आम्हाला अभिमान वाटतो. त्याच वेळी ध्वनिक्षेपकांच्या भिंतीतून येणाऱ्या गीताचा एकही अंतरा पुरता ऐकू येत नाही, ध्रुपद आणि ठेका तेवढा उरतो, याची खंतही वाटते. हे गीत कोणाचे, असे एखाद्या मुलाला विचारले तर तो गायकाचे नाव सांगतो. कवीचे नाव त्याला ठाऊक नसते. या अनुभवाच्या निमित्ताने भीमगीतांच्या वाटचालीची चिकित्सा करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

आपल्यातील सुशिक्षितांची भीमगीतांवरील टीका ठरलेली आहे. चाली सिनेमाच्या आहेत, भाषा सवंग आहे, गायक धंदेवाईक झाले आहेत, असे म्हटले जाते. ही टीका आम्हाला पटत नाही. लोकांच्या तोंडी असलेली चाल उचलून तिच्यात नवा विचार भरणे हे आंबेडकरी गीताचे व्यंग नसून ते त्याचे जुने सामर्थ्य आहे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा तोच मार्ग होता. तेव्हा दोष चालीत शोधू नये. तो अन्यत्र आहे.

१९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी उभे केलेले जलसे आठवावेत. जलशाने तमाशाचा साचा घेतला, पण त्यातील आशय पालटला. देवतेच्या गणाच्या जागी नवे वंदन आले, शृंगारिक गौळणीला फाटा मिळाला आणि वगाच्या जागी मेलेले ढोर ओढावे की नाही, मुलाला शाळेत घालावे की नाही, महाडचे पाणी आणि काळारामाचे दार यांचा अर्थ काय, अशा प्रश्नांवर संवाद सुरू झाले. एक पात्र जुनी बाजू मांडी, दुसरे ती खोडून काढी, आणि वाद रंगला की गीत येई. गीत हा त्या वादाचा निष्कर्ष असे. बाबासाहेबांनी आपल्या दहा भाषणांच्या तोडीचा एक जलसा मानला होता, असे सांगितले जाते. त्यामागचे कारण केवळ गोड गळे नसावेत. श्रोत्याला विचार करावयास लावणारा हा संवाद त्यामागे होता.

या परंपरेची एक बाजू मात्र आपण पुरेशी तपासलेली नाही. संगमनेर तालुक्यातील हिवरगावची पवळा ही आपल्याच जिल्ह्यातील, महार समाजात जन्मलेली कलावंत. पठ्ठे बापूरावांच्या फडात तिने जे नाव मिळवले, त्याला आजच्या भाषेत तारकापद म्हणावे लागेल. बापूरावांनी देऊ केलेली तमाशाच्या कमाईची देणगी बाबासाहेबांनी नाकारली, ही कथा आपले वक्ते वारंवार सांगतात. त्या नकारामागचा स्वाभिमान निर्विवाद आहे. स्त्रीच्या विटंबनेतून आलेल्या पैशावर स्त्रीमुक्तीची चळवळ उभी राहू शकत नाही. परंतु ही कथा सांगताना आपण बापूरावांचे नाव घेतो आणि पवळेला केवळ विटंबनेचे उदाहरण करतो. तिच्या कलेचा आणि कष्टाचा उच्चार होत नाही. जलशाने बाईला नाचविणे थांबविले हे योग्यच झाले. पण तिला गाती आणि बोलती करण्यास आपण फार उशीर लावला, हेही मान्य केले पाहिजे.

जलशातील संवादाचा वारसा वामनदादा कर्डक यांनी गीताच्या पोटातच साठवून ठेवला. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा हा माणूस मुंबईत मजुरी करता करता मोठ्या वयात अक्षरे शिकला, १९४३ साली गीतलेखनाकडे वळला आणि पुढे गावोगाव हिंडत राहिला. १९७३ साली त्यांचा ‘वाटचाल’ हा संग्रह आला, तरी त्यांचे खरे प्रकाशन लोकांच्या कंठातून झाले. त्यांच्या गीतात पहिला अंतरा प्रश्न उभा करतो, दुसरा पुरावा देतो आणि शेवटचा श्रोत्यालाच जाब विचारतो, असे पुष्कळदा आढळते. अंतरे गाळले तर वामनदादांचे गीत उरत नाही.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बुद्ध-भीमगीतांना बहर आला. गायन पार्ट्यांचे सामने रात्रभर चालत. एका शाहिराने प्रश्न टाकावा, दुसऱ्याने गाऊन उत्तर द्यावे, या रीतीने संवाद कव्वालीच्या रूपाने टिकून होता. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचे आवाज याच काळात महाराष्ट्रभर पोहोचले. पुढे १९८० च्या दशकात कॅसेट आली. तिने भीमगीत सर्वत्र नेले, हे तिचे उपकार आहेत. पण कॅसेटच्या मोजक्या मिनिटांत सामना मावत नव्हता. सवाल आणि जबाब गळाले, सुटे गीत उरले. वेष्टनावर गायकाचे छायाचित्र ठळक छापले जाऊ लागले आणि कवी बारीक अक्षरांत गेला. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ रोजी. दोहोंत चाळीस दिवसांचेही अंतर नाही. आज शिंदे घराण्याच्या तिसऱ्या पिढीचा आवाजही घराघरांत ओळखला जातो, हे आनंदाचेच आहे; वामनदादांचे शब्द मात्र पुष्कळ ठिकाणी त्यांच्या नावावाचून गायिले जातात.

प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची भक्तिगीतेही गायिली, यावरून त्यांना बोल लावणारे आहेत. गळ्यावर पोट असलेल्या कलावंताला समाजाने जगण्यापुरते दिले असते, तर हा बोल लावण्याचा अधिकार आपल्याला असता.

या प्रश्नाकडे पाहण्याची एक दृष्टी पाली साहित्यातही सापडते. अंगुत्तर निकायातील गीतस्सर सुत्तात धम्म लांबविलेल्या गीतस्वरात गाण्याचे पाच तोटे भगवंतांनी सांगितले आहेत. गाणारा स्वतः त्या स्वरात आसक्त होतो आणि ऐकणारेही स्वरातच आसक्त होतात, हे त्यांतील पहिले दोन. म्हणून बुद्धांना संगीताचे वावडे होते असे नव्हे. दीघ निकायातील सक्कपञ्ह सुत्तात पंचशिखाच्या वीणेचा आणि गीताचा मेळ त्यांनी वाखाणला आहे. यावरून आम्हाला एक कसोटी मिळते: स्वर अर्थापर्यंत नेतो की स्वतःपाशीच अडवून ठेवतो? तारकापदाचा धोकाही हाच आहे. लोक गायकाच्या आवाजाशी थांबतात आणि गायकही आपल्या आवाजाशी थांबतो.

डीजेने उरलेले अंतरेही काढून टाकले. अर्थात तरुणांची बाजू आम्ही नाकारीत नाही. ज्यांच्या आवाजाला गावात शतकानुशतके मज्जाव होता, त्यांनी एक दिवस गाव दणाणून सोडावे, यात न्याय आहे. पण गाव दणाणले म्हणजे गावाने ऐकले असे होत नाही. जलशाच्या वेळी गावकुसाच्या आतला माणूसही थांबून दोन प्रश्न ऐकत असे. आज तो खिडकी लावून घेतो आणि आपल्या मुलांच्या कानीही काही पडत नाही.

हे यंत्रामुळे अटळ आहे, असेही नाही. कडूबाई खरात या कष्टकरी बाईचा एकतारीवरचा आवाज मोबाइलवरूनच लाखोंपर्यंत गेला, आणि त्यात शब्द न् शब्द कळतो. पवळेच्या वेळी जे घडू शकले नाही ते येथे घडले: बाई उभी राहून स्वतःचे सांगते आणि समाज ऐकतो. दुसरे उदाहरण वेदनेचे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. गीत ज्यांच्यासाठी केवळ करमणूक नव्हते, अशा माणसाची ती हकिकत आहे. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटाने ती जपून ठेवली आहे.

म्हणून आमचे म्हणणे मिरवणूक बंद करा असे नाही. प्रत्येक विहारात जयंतीच्या आदल्या संध्याकाळी एक गीत सर्व अंतऱ्यांसह गायिले जावे, आरंभी कवीचे नाव सांगितले जावे आणि अखेरीस मुलांनी त्यावर प्रश्न विचारावेत. श्रीगोंद्यात संतकवी शेख महंमदांची समाधी आहे. जन्माच्या भिंती ओलांडून शब्द कसा टिकतो, हे येथे निराळे सांगावे लागू नये. वामनदादांचा शब्दही टिकेल. मात्र तो ठेक्याखाली दबलेला राहील की पुन्हा आपल्याला प्रश्न विचारू लागेल, हे आपण ठरवावयाचे आहे.