पेटी कोणासाठी?

दिवाळीच्या बाजारात धाकट्यांसाठी काय घ्यावे हे कोणीही सांगेल. वडील माणसांसाठी काय घ्यावे, इथे मात्र भल्याभल्यांची मती खुंटते. नवे लुगडे कपाटात घडी होऊन पडते, गोडधोड पथ्यात बसत नाही. या अडचणीवर गेल्या काही वर्षांत एक सोपा तोडगा निघाला आहे : गाण्यांची पेटी. सारेगामा कंपनीने २०१७ साली ‘कारवाँ’ काढली. जुन्या रेडिओसारखे रूप आणि पोटात पाच हजार हिंदी गाणी. ती हातोहात खपली, आणि तिच्या पाठोपाठ तशा अनेक पेट्या बाजारात आल्या.

आपण पुस्तकाचे परीक्षण करतो, नाटकाचे करतो; मग माणसाच्या मनासाठी घडवलेल्या वस्तूचे का करू नये? माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पेशा शिक्षिकेचा आणि हौस कादंबऱ्या लिहिण्याची. यंत्रविद्येत मला गती नाही. परंतु कादंबरी हाती घेतल्यावर जो प्रश्न मी विचारते, तोच या पेटीलाही विचारता येतो : ही रचना कोणाला डोळ्यांपुढे ठेवून केली?

आधी गुण सांगितले पाहिजेत. ज्याने कोणी ‘कारवाँ’ची आखणी केली, त्याला म्हाताऱ्या हातांची पारख होती. मोठी खुंटी, ती फिरवली की गायक बदलतो; इंटरनेटची गरज नाही, बोटाने काच घासायला नको. चाळीस वर्षे रेडिओची खुंटी फिरवलेला हात नवी विद्या शिकत नाही, पण जुनी विसरतही नाही. या एका जाणिवेसाठी त्या कारागिराला शाबासकी दिली पाहिजे.

परंतु घरोघरचे सारेच म्हातारे नुसते म्हातारे नसतात. आपल्या देशात साठी ओलांडलेल्या शंभरांपैकी सुमारे सातजणांना स्मृतिभ्रंश आहे, आणि असे ८८ लाख लोक आहेत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मांडला आहे. त्यांतल्या कितीतरी जणांना कानांनीही दगा दिलेला असतो. माझी आत्या त्यांपैकी एक. ती इथेच, ओझरला राहते. वय चौऱ्याऐंशी. मला ती कधी ओळखते, कधी ‘बाई, तुम्ही कोन?’ म्हणते.

तिच्यासाठी एका नातलगाने अशीच एक पेटी आणली. ती नावाजलेल्या कंपनीची नव्हती, बाजारातलीच कुठलीशी. खुंटीबरोबर बटणेही डझनभर. एक दाबले की गाणे, दुसरे दाबले की बातम्या, तिसरे दाबले की आतून एक बाई इंग्रजीत काहीतरी पुकारी. आत्याने दोन दिवस सोसले. तिसऱ्या दिवशी ती पेटीवर फडके टाकून म्हणाली, “आत कोन बसलंय गं? त्याला जेवाया घाल.”

आम्ही हसलो. मग माझे मलाच लाजल्यासारखे झाले. पाच हजार गाण्यांतून एक निवडणे ही आपल्याला चैन वाटते. जिला चहा घेतला की नाही हे आठवत नाही, तिला ती परीक्षा वाटते. विलायतेत अशा माणसांसाठी एक साधी पेटी निघाली आहे. झाकण उघडले की गाणे सुरू होते, मिटले की थांबते. पुढच्या गाण्याला एकच ठसठशीत बटण. आवाज किती असावा हे घरच्यांनी एकदा ठरवायचे, मग ती कळ दृष्टीआड. कमी करणे हीसुद्धा कलाच आहे, हे लेखकांना उशिरा कळते. यंत्रे करणाऱ्यांनाही तसेच होत असावे.

आता कानांकडे वळू. उतारवयात आधी जातात ते बारीक, उंच स्वर. म्हणजे सारा आवाज सारखाच मंद होतो असे नव्हे. काही अक्षरे आणि काही सूर गळून पडतात. शिवाय हळू ऐकू येत नाही आणि मोठे सोसत नाही, अशी दुहेरी कोंडी होते. म्हणून आवाज वाढवण्याने काम भागत नाही.

कानाचे मशीन लावले तर? इथे मला एक मौजेची, पण विचार करण्याजोगी गोष्ट कळली. ही मशीने मुख्यतः बोलणे ऐकू यावे म्हणून घडवलेली असतात. बोलणे तुटक, चढत-उतरत जाणारे. पंख्याची घरघर सलग. तेव्हा सलग आवाज तो गोंगाट, असे समजून मशीन तो दाबू पाहते. पण आपला तंबोरा करतो काय? अखंड एकच सूर धरतो! ज्या सुरावर आपले सारे गाणे उभे, तोच या शहाण्या यंत्राला कचरा वाटू शकतो. बासरीचा किंवा हार्मोनियमचा लांबलेला स्वर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटतो, आणि ती मोडायला जाताना ते त्या स्वराला कापरे भरवते. आमच्याकडे भजन झाले तेव्हा आत्याने मशीन काढून तळहातावर धरले आणि विचारले, “यात पानी शिरलंय का?” आम्हाला ती भ्रमिष्ट वाटली. वास्तविक तिचे परीक्षण अचूक होते.

यावर उपाय आहे. पुष्कळ नव्या मशीनांत संगीतासाठी निराळी योजना करता येते, तीत ही दाबादाबी कमी करतात. मात्र ते मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाला सांगावे लागते, आणि सांगण्याइतके गाणे कोणी महत्त्वाचे मानत नाही. ज्यांच्या कानात शस्त्रक्रियेने कॉक्लिअर इम्प्लांट बसवले आहे त्यांना ताल बराचसा नीट कळतो, सूर मात्र धूसर होतो. त्यांच्यापुढे बासरीपेक्षा ढोलकी ठेवावी. एवढा विवेक एकाच साच्याच्या पेटीकडून कसा व्हावा?

सर्वांत मोठा प्रश्न उरतो तो गाण्यांचा. सारेगामा म्हणजे पूर्वीची ग्रामोफोन कंपनी. तिच्या पेटीत तिच्याच ध्वनिमुद्रिका असणार, हे ओघानेच आले. तो खजिना थोर आहे. पण आत्याच्या उमेदीच्या वर्षांत तिच्या घरी ग्रामोफोन नव्हता. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले, महाराष्ट्र रेडिओला कान लावून बसला, तेव्हा ती पहाटे जात्यावर बसत होती. तिचे गाणे ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव हिंडून बायकांच्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढे धन महाराष्ट्रात असताना म्हातारीच्या पेटीत मात्र सिनेमा! पेटी घेतो मुलगा. साहजिकच ती मुलाच्या आठवणींची होते.

अमेरिकेत वृद्धाश्रमांतून प्रत्येकाला त्याच्या तरुणपणची गाणी ऐकवण्याचा उपक्रम झाला. ‘अलाइव्ह इनसाइड’ या २०१४ च्या चित्रपटाने तो जगापुढे आणला. ओळखीच्या गाण्याची स्मृती मेंदूच्या ज्या भागांत असते, त्यांना अल्झायमरचा धक्का तुलनेने कमी बसतो, असे २०१५ च्या एका संशोधनात दिसले. मात्र गाणे म्हणजे औषध नव्हे. पुढे झालेल्या एका मोठ्या चाचणीत रुग्णांची बेचैनी लक्षणीय कमी झाल्याचे आढळले नाही. गेलेली स्मृती गाण्याने परत येत नाही; आला तर एखादा क्षण येतो.

असा एक क्षण मी पाहिला. शेजारच्या एका आजींच्या ओव्या मी मोबाईलवर घेतल्या, पंखा आणि टीव्ही बंद केला, आणि आत्याच्या उशाशी लावल्या. डोक्यावरून विमान गेले. ते जाईपर्यंत थांबून मी पुन्हा सुरुवातीपासून लावले. आत्या ऐकत राहिली. ओवीत बाई आपापल्या भावाचे नाव गुंफते. त्या आजींनी अर्थातच स्वतःच्या भावाचे गुंफले होते. ते नाव येताच आत्याचा हात उठला. “चुकलं,” ती म्हणाली, आणि मोबाईलच्या आवाजावर आवाज चढवून तिने तीच ओवी म्हटली, माझ्या वडिलांचे नाव घालून. मग माझ्याकडे वळून विचारले, “तुम्ही कोन?”

माझ्या परीक्षणाचा निष्कर्ष एवढाच. चांगली पेटी ती, जी ऐकणाऱ्याला आपले नाव घालायला जागा ठेवते. तशी मिळेपर्यंत या दिवाळीत पेटी घ्या अगर घेऊ नका. पण फराळाचे ताट दिल्यावर तासभर शेजारी बसून एवढे विचारा, की तुमच्या विसाव्या वर्षी घरात काय गात होते? आणि जे उत्तर येईल, ते टिपून ठेवा. अशी पेटी करणारा कोणी निघाला, तर त्याला पहिली गरज याच टिपणाची लागेल.