आम्ही

आम्ही : (रशियन शीर्षक ‘म्यी’). यिव्हगेनी झाम्यातिन (१८८४–१९३७) ह्या रशियन साहित्यिकाची कादंबरी. लेखन १९२०–२१. आदर्श राज्याच्या कल्पनेत दडलेली दडपशाही उघड करणाऱ्या, म्हणजेच प्रतियूटोपियन, कथासाहित्यातील ही एक आद्य व प्रभावी कृती होय.

झाम्यातिन व्यवसायाने नौका-अभियंता होता. क्रांतिपूर्व काळात बोल्शेव्हिक चळवळीतील सहभागामुळे त्याला तुरुंगवास घडला. १९१६–१७ मध्ये बर्फफोड्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करण्यासाठी तो इंग्लंडमध्ये राहिला. तेथील मध्यमवर्गाच्या घड्याळी जीवनावर त्याने एका कादंबरिकेत उपरोध केला होता. त्यामुळे आम्ही ह्या कादंबरीतील टीका केवळ सोव्हिएट राजवटीपुरती मर्यादित मानता येत नाही.

कादंबरीतील ‘एकराज्या’त नागरिकांना नावे नसून क्रमांक आहेत. घरे काचेची असून ठराविक तासांपुरतेच, तेही परवान्याने, पडदे ओढता येतात. उठणे, जेवणे, काम करणे हे सर्व एकाच वेळापत्रकानुसार चालते. कारखान्यातील कामाचे शास्त्रशुद्ध नियोजन करणारा अमेरिकन अभियंता टेलर हा ह्या राज्यात महान विचारवंत ठरला आहे. सर्वसत्ताधारी ‘हितकर्त्या’ची निवड दरवर्षी हात वर करून एकमताने होते.

डी-५०३ हा अंतराळयानाचा निर्माता राज्याच्या गौरवासाठी दैनंदिनी लिहू लागतो. आय-३३० ह्या बंडखोर स्त्रीच्या प्रेमात पडल्यावर हेच लेखन त्याच्या अंतर्द्वंद्वाचा कबुलीजबाब बनते. गणिती उपमांनी बांधलेली त्याची वाक्ये अर्ध्यावर तुटू लागतात. अखेर शस्त्रक्रियेने त्याची कल्पनाशक्ती नष्ट करण्यात येते आणि प्रेयसीचा छळ तो निर्विकारपणे पाहतो.

पहारा व शिक्षा यांपेक्षा शासन माणसाची भाषाच ताब्यात घेते, हे ह्या कादंबरीचे मर्म होय. नायकाच्या लेखनात ‘मी’ उमटतो तेव्हा तो त्याला आजार वाटतो. नियंत्रणाचा खरा विजय तेथेच आहे. जॉर्ज ऑर्वेलने ह्या कादंबरीवर १९४६ मध्ये लिहिले. त्याच्या नाइन्टीन एटी-फोर (१९४९) मधील सत्ता सत्तेसाठीच राबते. झाम्यातिनचा हितकर्ता मात्र सुखाचे आश्वासन देतो, म्हणून त्याला नकार देणे अधिक कठीण ठरते. बंडखोरांचे चित्रण त्या मानाने पुसट आहे. भिंतीपलीकडील निसर्ग आणि भिंतीआतील बुद्धी असा विरोधही काहीसा ढोबळ वाटतो. परंतु नायकाच्या मनाची घालमेल ही उणीव भरून काढते.

सोव्हिएट रशियात कादंबरीच्या प्रकाशनास अनुमती मिळाली नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्क येथे तिचा इंग्रजी अनुवाद निघाला. १९२७ मध्ये प्राग येथील एका स्थलांतरितांच्या रशियन नियतकालिकात तिचे काही भाग आले. पुढे, १९२९ मध्ये, झाम्यातिनविरुद्ध निषेधाची मोहीम उघडण्यात आली. लेखनास मज्जाव म्हणजे लेखकाला मृत्युदंडच, अशा आशयाचे पत्र त्याने १९३१ मध्ये स्टालिनला लिहून देशत्यागाची परवानगी मिळविली. पॅरिस येथे तो निधन पावला. संपूर्ण रशियन संहिता १९५२ मध्ये न्यूयॉर्क येथे व १९८८ मध्ये सोव्हिएट रशियात प्रसिद्ध झाली. कादंबरीत वर्णिलेली नियंत्रणव्यवस्था अशा प्रकारे तिच्या कर्त्याच्याही वाट्यास आली.