झाडीपट्टीला हवा पडद्यावरचा दिग्दर्शक

झाडीपट्टीतल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिनेमावाल्यांचं लक्ष जात नाही, ही तक्रार आता जुनी झाली. नक्षल चळवळीवरचा गगनविहारी बोराटे यांचा ‘लाल सलाम’ २००२ मध्ये आला. समृद्धी पोरे यांनी २०१४ मध्ये ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो’ केला. अमित मसुरकर यांचा ‘न्यूटन’ (२०१७) सीमेपलीकडच्या छत्तीसगडात घडतो. पण त्यातलं मतदान केंद्र गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या माणसाला परकं वाटत नाही. ताडोबाच्या वाघांवर तर हंगामभर कॅमेरे रोखलेले असतात. माझी तक्रार वेगळी आहे. इथे येऊन चित्रपट करून गेलेले दिग्दर्शक आहेत. इथेच राहून, एकामागून एक कलाकृती करत वाढलेला पडद्यावरचा दिग्दर्शक मात्र नाही.

याचा परिणाम चित्रपटांत दिसतो. पोरे यांच्या चित्रपटात नाना पाटेकरांनी प्रकाश आमटे संयमानं उभे केले, सोनाली कुलकर्णींची मंदाताईंची भूमिकाही नेटकी आहे. पण १९७३ पासून ज्या माडिया आदिवासींसाठी आमटे यांचा लोकबिरादरी प्रकल्प चालला, ते माडिया पडद्यावर बहुतेक वेळ रुग्ण म्हणूनच येतात. त्यांची थट्टा, भांडणं, हट्ट, देवधर्म यांना चित्रपटात फारशी जागा नाही. ‘न्यूटन’ इथे दोन पावलं पुढे जातो. अंजली पाटील यांनी साकारलेली मलको ही स्थानिक शिक्षिका गावकरी आणि निवडणूक अधिकारी यांच्यामध्ये उभी राहते आणि अधिकाऱ्याचं अज्ञान तिच्यामुळेच उघडं पडतं. तरीही कथा बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याचीच राहते.

आणि हे अशा मुलखाचं चित्र आहे जिथे नट, प्रेक्षक आणि पैसा तिन्ही हजर आहेत. धानाची कापणी आटोपली, दिवाळी सरली की मंडईच्या जत्रा आणि शंकरपटांच्या बैलशर्यती यांच्या निमित्तानं गावोगावी नाटकं लागतात. देसाईगंज म्हणजे वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीच्या या व्यवसायाचं केंद्र. हंगामात इथे नाट्य कंपन्यांची कार्यालयं उघडतात, गावची मंडळं येऊन तारखा ठरवतात, ठरलेल्या रकमेला प्रयोग घेतात आणि तिकिटं लावून पैसे उभे करतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीची देशानं दखल घेतली.

पण झाडीपट्टीवर प्रेम आहे म्हणून तिचं दुखणं झाकू नये. आज एका कंपनीत, उद्या दुसऱ्या कंपनीत, अशी नटांची धावपळ असते. तालमीला वेळ नाही, म्हणून नाटक प्रॉम्प्टरच्या आवाजावर तोललेलं असतं. विनोदी नट टाळ्या घेतो आणि प्रसंग लांबत जातो. त्याला आवरणारा कुणी नसतो. पोस्टरवर मालिकेतून आलेल्या पाहुण्या कलावंताचं नाव ठळक, दिग्दर्शकाचं कुठे तरी कोपऱ्यात. नवरगावच्या सदानंद बोरकरांसारखा लेखक-दिग्दर्शक शेतकरी आत्महत्येसारखा विषय घेऊन वर्षानुवर्षं ठामपणे काम करतो, तेव्हा एका नजरेनं बांधलेलं नाटक किती वेगळं दिसतं ते कळतं. मात्र अशी माणसं थोडी.

अशी नजर असलेला दिग्दर्शक इथे कसा घडेल, याचं उत्तर शोधताना मला वारंवार इंग्लंडचे दिग्दर्शक केन लोच आठवतात. १९३६ साली जन्मलेले लोच ऑक्सफर्डला कायदा शिकले आणि १९६३ मध्ये बीबीसीत उमेदवारी करू लागले. पोलीस मालिकेचे भाग करता करता हात बसला. १९६६ मध्ये बेघर कुटुंबावरचं त्यांचं ‘कॅथी कम होम’ टीव्हीवर आलं आणि घरांच्या प्रश्नावर देशभर चर्चा पेटली. मग आला ‘केस’ : यॉर्कशरमधलं बार्न्सली हे कोळसा खाणींचं गाव, ससाणा पाळणारा एक मुलगा, आणि शाळा संपली की खाणीत जाण्याची भीती. चंद्रपूरकडच्या घुग्घुस-माजरीच्या खाणी पाहत वाढलेल्या कुणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

‘केस’ कसा घडला, हे आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. मूळ कादंबरी त्याच भागातल्या बॅरी हाइन्सची. नायक तिथल्याच शाळेतला मुलगा. खेळाचा उर्मट मास्तर झालेले ब्रायन ग्लोव्हर खरोखरच शिक्षक होते आणि कुस्त्याही खेळत. छोट्या भूमिकांसाठी कामगारांच्या क्लबांत विनोदी कार्यक्रम करणारे कलावंत निवडले. बोली तिथलीच ठेवली. लोच बहुधा कथेच्या क्रमानंच चित्रीकरण करतात आणि पुढे काय होणार हे नटाला आधी सांगत नाहीत; त्यामुळे चेहऱ्यावरचं आश्चर्य खरं उतरतं. आयत्या वेळी प्रसंग पेलण्याची सवय असलेल्या झाडीपट्टीच्या नटाला ही रीत जड जाऊ नये. त्याला फक्त थांबायला शिकवणारा दिग्दर्शक हवा.

लोच यांच्या काही चित्रपटांत पात्रं लेखकाची मतं बोलू लागतात, हा दोष खरा आहे, आणि प्रबोधनाच्या ओझ्याखाली वाकणाऱ्या आपल्या नाटकांनाही तो लागू पडतो. पण २००६ आणि २०१६ अशी दोनदा कान चित्रपट महोत्सवाची ‘पाम द’ऑर’ मिळवणारा हा माणूस २०२३ च्या ‘द ओल्ड ओक’पर्यंत कष्टकऱ्यांमध्येच राहिला. त्या सातत्याचा पाया टेलिव्हिजनच्या उमेदवारीत घातला गेला होता.

आपल्याकडे ही उमेदवारी कुठे करायची? ‘तुझ्यात जीव रंगला’नं कोल्हापूरची आणि ‘लागिरं झालं जी’नं साताऱ्याची बोली रोज संध्याकाळी घरात आणली, तिथल्या कलावंतांना काम दिलं. झाडीबोलीच्या वाट्याला ते आलं नाही. तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ (२०२२) म्हणूनच मोलाचा. झाडीपट्टीच्या कलावंतांना त्यांच्याच बोलीत त्यांनी पडद्यावर आणलं. इंगळे यांना आणि त्यांच्यासारख्यांना दुसरा, तिसरा, चौथा चित्रपट करता येईल का, यावर या कलेचं पुढचं ठरणार आहे.

हे अशक्य नाही. हंगाम फेब्रुवारी-मार्चमध्ये ओसरतो आणि नट मोकळे होतात. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. विद्यापीठानं दिग्दर्शनाचा अभ्यासक्रम काढावा, वडशाच्या कंपन्यांनी नट द्यावेत, आणि माडिया, गोंडी, झाडीबोलीतल्या अर्ध्या तासाच्या कथा दरवर्षी तयार व्हाव्यात. या कथा आधी मंडईच्या प्रेक्षकांना दाखवाव्यात; रात्रभर थंडीत बसून नाटक पाहणारा हा प्रेक्षक खोटं चटकन ओळखतो. पहिल्या चार कथा फसतील, फसू द्याव्यात. फसल्यावरही त्याच मुलाच्या किंवा मुलीच्या हाती पुन्हा कॅमेरा देण्याची तयारी आपण ठेवली, तरच या जंगलाचा दिग्दर्शक या जंगलातून येईल.