स्टिमसन यांचा हिशेब आणि क्योतोची मंदिरे

हिरोशिमा व नागासाकी येथील संहाराचे समर्थन करणारे जे लेखन आजवर झाले, त्यातील बहुतेक युक्तिवादांचे मूळ एका लेखात सापडते. अमेरिकेचे माजी युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी 'हार्पर्स' मासिकाच्या फेब्रुवारी १९४७ च्या अंकात अणुबॉम्ब वापरण्याच्या निर्णयाची हकीकत लिहिली. त्यापूर्वी काही महिने, ऑगस्ट १९४६ मध्ये, 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाने जवळजवळ संपूर्ण अंक जॉन हर्सी यांच्या हिरोशिमावरील वृत्तांतास दिला होता. हर्सी यांनी वाचकांसमोर सहा माणसे उभी केली होती. स्टिमसन यांनी संख्या उभी केली. जपानच्या भूमीवर सैन्य उतरवावे लागते, तर एकट्या अमेरिकेची दहा लाखांहून अधिक हानी होईल, असे आपणास सांगण्यात आले होते, असे ते म्हणतात. या हानीत मृत व जखमी दोन्ही येतात. परंतु पुढील वादविवादांत जखमी गळाले आणि दहा लाख मृतच शिल्लक राहिले. शत्रूची हानी याहून मोठी झाली असती, असे त्यांनी लिहिले आहे खरे. पण आकडा मिळाला तो फक्त स्वकीयांना.

हा लेख मूळातून वाचला पाहिजे, कारण त्याचे समर्थक जे झाकतात ते त्यात उघड लिहिलेले आहे. सल्लागार समितीच्या शिफारशी देताना स्टिमसन सांगतात की, लक्ष्य दुहेरी असावे असे ठरले: युद्धोपयोगी कारखाना किंवा लष्करी ठाणे, आणि त्याच्या सभोवती सहज नष्ट होतील अशी घरे. नागरिकांचे मरण हा कारवाईचा अनिष्ट परिणाम होता, हा बचाव येथेच कोसळतो. घरे लक्ष्याच्या व्याख्येतच होती. अट्ठकथांनी प्राणातिपाताची पाच अंगे सांगितली आहेत: प्राणी, तो प्राणी असल्याची जाणीव, वधचित्त, उपक्रम आणि त्यातून आलेले मरण. या पाचांपैकी कोणते अंग येथे उणे होते, हे समर्थकांनी दाखवावे.

याच लेखात आणखी एक विधान आहे. मार्च १९४५ मधील टोकियोवरील अग्निवर्षावात हिरोशिमापेक्षा अधिक माणसे मृत वा जखमी झाली, असे स्टिमसन नमूद करतात. ९-१० मार्चच्या त्या एका रात्रीत सुमारे एक लाख माणसे मेली, असे सामान्यतः मानले जाते. लाकडी घरांच्या वस्तीवर आग लावणारे बॉम्ब टाकण्यात आले होते. परंतु हे स्मरण शोकासाठी नाही. आधी केलेला संहार नंतरच्या संहाराचे माप म्हणून वापरला आहे. विशेष म्हणजे, अत्याचारांत हिटलरला मागे टाकल्याची अपकीर्ती अमेरिकेच्या पदरी येऊ नये, ही भीती याच गृहस्थांनी जून १९४५ मध्ये आपल्या दैनंदिनीत नोंदविली होती.

दुसऱ्या बाजूचा संतापही निवडक आहे. टोकियो खटल्यातील ११ न्यायाधीशांपैकी राधाविनोद पाल यांनी १९४८ मध्ये सर्व आरोपींना निर्दोष ठरविले आणि अणुबॉम्बच्या निर्णयावर कठोर प्रहार केला. आपल्याकडे त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. जपानमधील राष्ट्रवाद्यांनी तर २००५ मध्ये यासुकुनी येथे त्यांचे स्मारक उभारले. मात्र नानजिंगविषयी प्रचार व अतिशयोक्ती वजा करूनही अत्याचारांचा पुरावा प्रचंड आहे, असे त्याच निकालपत्रात पाल यांनी लिहिले आहे, ते या गौरवात क्वचितच ऐकू येते. डिसेंबर १९३७ मधील नानजिंगच्या मृतांविषयी मौन बाळगून हिरोशिमाच्या मृतांसाठी न्याय मागणारा माणूस मृतांचा वकील नसतो. तो राष्ट्राचा वकील असतो.

आणि आपण, बौद्ध विद्येचे अभ्यासक? स्टिमसन यांनी क्योतो हे नाव लक्ष्यांच्या यादीतून खोडले, कारण ते जपानची प्राचीन राजधानी आणि कलेचे माहेरघर होते, असे ते सांगतात. (तेथील विध्वंसाने जपानी लोकांच्या मनात युद्धानंतर कायमची कटुता राहील, हा राजकीय विचारही त्यांच्या मनात होता.) क्योतोची मंदिरे वाचली ही गोष्ट आपल्या ग्रंथांतून कृतज्ञतेने सांगितली जाते. त्या मंदिरांतील काही पीठांनी युद्धाला आशीर्वाद दिला होता, हे ब्रायन व्हिक्टोरिया यांच्या १९९७ मधील ग्रंथाने साधार दाखविले. क्योतोतील म्योशिन्-जी पीठाने २००१ मध्ये आपल्या सहभागाबद्दल क्षमायाचना केली. या कबुलीची दखल आपल्याकडे पुरेशी घेतली गेली नाही. त्याहून कमी दखल घेतली गेली ती एका साध्या नोंदीची: क्योतो वगळल्यावर जुलै १९४५ च्या अखेरच्या आठवड्यात यादीत एक नवे नाव आले, ते नागासाकीचे. ९ ऑगस्टला विमान प्रथम कोकुरावर गेले होते. तेथे खालचे काही दिसेना, म्हणून ते नागासाकीकडे वळले. वर्षअखेरपर्यंत त्या शहरात सुमारे सत्तर हजार माणसे मेली.