मोजता मोजता

मिल्टनच्या ‘ल’अलेग्रो’ या कवितेत एक उजळ सकाळ आहे. नांगरणारा शीळ घालतो आहे, गवळण गाते आहे, गवत कापणारा आपल्या कोयत्याला धार लावतो आहे. आणि खोऱ्यात, हॉथॉर्नच्या काटेरी झाडाखाली, प्रत्येक मेंढपाळ ‘टेल’ करतो आहे. काय टेल करतो आहे? तर आपली ‘टेल’. क्रियापद तेच आणि कर्मही जवळजवळ तेच. इंग्रजीत नामातला ए लांब आणि क्रियापदातला आखूड. देवनागरीने हा फरक पुसून दोघांना एकाच रूपात उभं केलं आहे, आणि व्युत्पत्तीच्या दृष्टीने तिने फारसं काही चुकवलेलं नाही.

१६४५च्या संग्रहात ही कविता छापली गेली, आणि पुढे तिच्या टीकाकारांत या एका ओळीवरून वाद झाला. सरळ अर्थ असा की मेंढपाळ आपापली गोष्ट सांगताहेत. झाडाची सावली आणि खेड्यातली सकाळ पाहता बहुधा प्रेमाचीच. पण दुसरा पक्ष म्हणतो, थांबा. नांगऱ्या, गवळण, गवत्या ही सगळी मंडळी कामाला लागली आहेत, मग एकटा मेंढपाळच भल्या सकाळी गप्पा छाटत कसा बसेल? तो मेंढ्या मोजतो आहे. ‘टेल’ म्हणजे मोजणे, आणि नाम ‘टेल’ म्हणजे मोजून आलेली संख्या.

आजच्या वाचकाला हा दुसरा अर्थ ओढूनताणून आणल्यासारखा वाटेल. तसा तो नाही, कारण दोन्ही अर्थ जुने आहेत. जुन्या इंग्रजीतलं क्रियापद ‘टेलन’. गणना करणे, लेखणे, मानणे आणि कथन करणे हे सगळे अर्थ त्याच्या पोटात होते. त्याचे जर्मन भाऊबंद पाहिले की नातं उघडच दिसतं. जर्मनमध्ये ‘त्साल’ म्हणजे संख्या, ‘त्सेलन’ म्हणजे मोजणे आणि त्याला नुसता ‘एर’ लावला की ‘एरत्सेलन’, म्हणजे गोष्ट सांगणे. डच माणूस मोजताना ‘टेलन’ करतो आणि गोष्ट सांगताना ‘फरटेलन’. आइसलँडच्या भाषेत ‘ताला’ म्हणजे संख्याही आणि भाषणही. विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात संगणकाला नाव हवं होतं तेव्हा सिगुर्दुर नॉर्दाल या विद्वानाने या ‘ताला’ला ‘व्होल्वा’, म्हणजे जुन्या कथांमधली भविष्य सांगणारी बाई, जोडून दिली आणि ‘तोल्वा’ हा शब्द घडवला. आकड्यांची भविष्यवेत्ती! यंत्राचं इतकं देखणं नाव दुसऱ्या कुठल्या भाषेने ठेवल्याचं मला आठवत नाही.

मोजणं आणि सांगणं यांची ही सोयरीक फक्त जर्मन घराण्यातली असती तर योगायोग म्हणून सोडून देता आली असती. पण स्पॅनिशमध्ये ‘कोन्तार’ आजही दोन्ही कामं करतं. फ्रेंचांनी एकाच लॅटिन मुळापासून आलेल्या शब्दाच्या दोन स्पेलिंग करून हिशेब वेगळा आणि कथा वेगळी ठेवली. उच्चार मात्र एकच. आपल्याकडे तर पुरावा घरातच आहे. ‘ख्या’ या संस्कृत धातूला ‘सम्’ लागला की संख्या आणि ‘आ’ लागला की आख्यान. महाभारतातलं नलोपाख्यान आठवून पाहा. वेगाने धावणाऱ्या रथातून राजा ऋतुपर्ण वाटेतल्या बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नजरेनेच मोजतो. नळाचा विश्वास बसत नाही, तो रथ थांबवून फळं प्रत्यक्ष मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. त्या मोजणीच्या विद्येबरोबर फाशांचं रहस्य नळाच्या हाती येतं आणि कथा फिरते. आख्यानाची कळ संख्येत आहे. व्याकरणकारालाही याहून नेटकं उदाहरण रचता आलं नसतं.

दोन क्रियांची गाठ पडली कशी, हे कळायला माझ्या मते धान्य मापणाऱ्याकडे पाहावं. तो मनातल्या मनात मोजत नाही, मोठ्याने मोजतो. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतो, मग दोन, तीन. प्रत्येक मापाबरोबर एक शब्द पडतो. समोरचा ऐकत असतो, माल घेणाऱ्याच्या पदरात जात असतो. हे मोजणं आहे तसंच सांगणंही आहे. एकामागून एक, क्रमाने, काही न गाळता, आणि कुणाच्या तरी स्वाधीन. ‘टेल’च्या आजच्या वागणुकीतली जवळजवळ प्रत्येक लकब मला या तीन-चार गोष्टींत सापडते.

तेव्हा मिल्टनच्या मेंढपाळाचं काय? कवितेतल्या त्या तीन माणसांकडे पुन्हा पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते: मिल्टन त्यांची कामं दाखवत नाही, ऐकवतो. शीळ, गाणं, दगडावर घासलेलं पातं. चौथी गोष्टही कानाचीच असणार. आणि उत्तर इंग्लंडच्या डोंगरी भागात मेंढ्या मोजण्याचे वेगळेच आकडे होते, ‘यान, टान, टेथेरा’ अशा चालीचे, विसाच्या टप्प्याने जाणारे. इंग्रजी आकड्यांशी त्यांचा संबंध नाही, ते वेल्शच्या कुळातले मानले जातात. मिल्टनच्या कानावर ते कधी पडले असतील असं मला म्हणायचं नाही. एवढंच, की मेंढ्यांची मोजणी ही लांबून ऐकणाऱ्याला गोष्टीसारखीच लागू शकते. टीकाकारांनी दोन पक्ष केले. ओळीला त्यांची गरज होती असं वाटत नाही.

१०६६ साली नॉर्मन आले आणि त्यांच्यामागून शेकडो फ्रेंच शब्द. ‘काउंट’ आणि ‘नंबर’ इंग्रजीत स्थिरावले, आणि मोजण्याचं काम हळूहळू ‘टेल’च्या हातून निसटलं. एकदम नाही. १६११च्या बायबलमध्ये ते अजून टिकून आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात देव अब्रामाला बाहेर नेऊन आकाशाकडे पाहायला सांगतो आणि तारे मोजता आले तर मोज म्हणतो. तिथे मोजण्यासाठी आधी ‘टेल’ आलं आहे आणि लगेच ‘नंबर’. जुना आणि नवा शब्द शेजारी शेजारी. गंमत अशी की मूळ हिब्रूत दोन्ही जागी एकच क्रियापद आहे, आणि त्याच्याच धातूपासून हिब्रूत आकड्याचा शब्दही निघतो, गोष्टीचाही आणि पुस्तकाचाही. भाषांतरकारांनी द्विरुक्ती टाळली असेल, पण त्यांच्या हातून जी जोडी जमली तिच्यात मला इंग्रजीच्या एका वळणाची अचूक नोंद दिसते. निर्गम या पुस्तकात इजिप्तमधल्या बेगार करणाऱ्यांवर रोजच्या विटांची ठरीव ‘टेल’ लादलेली आहे. तिथे कथेचा वाराही नाही, शुद्ध आकडा आहे.

मोजणाऱ्या ‘टेल’ची काही वतनं मात्र शाबूत राहिली. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात पैसे मोजून घेणारे चार ‘टेलर’ असत. ते पद १८३४ साली रद्द झालं. हा टेलर शिंप्याच्या टेलरहून वेगळा. देवनागरीने इथे पुन्हा घोळ घातला आहे. त्याच वर्षी खजिन्यातल्या जुन्या हिशेबाच्या खाचा पाडलेल्या काठ्या, ज्यांना ‘टॅली’ म्हणत, त्या जाळायला घेतल्या आणि त्या आगीत पार्लमेंटची इमारतच भस्मसात झाली. ‘टॅली’ आणि ‘टेल’ सख्खे भाऊ वाटतात, पण तो लॅटिनमधून आलेला परका; नात्यात नाही. बँकेतला टेलर टिकला, आणि त्याच्या जागी यंत्र आलं तरी नावाने टिकला. मुंबईत १९८७ साली एचएसबीसीने देशातलं पहिलं एटीएम बसवलं, तेव्हापासून मधला ‘टी’ आपल्याही तोंडी आहे. नोटा बाहेर येण्याआधी आतून जी खरखर ऐकू येते ती या क्रियापदाचा मूळ अर्थ.

सगळ्यात सुरस वतन ब्रिटिश पार्लमेंटमधलं. मतदानाच्या वेळी सभासद दोन दारांनी जातात आणि त्यांची डोकी मोजणाऱ्यांना तिथे आजही ‘टेलर’च म्हणतात. १६७९ साली उमरावांच्या सभागृहात हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे बंदीप्रत्यक्षीकरणाच्या, विधेयकाचं भवितव्य ठरवणारं मतदान चाललं होतं. बिशप बर्नेटने लिहून ठेवलं आहे की एका बाजूचा टेलर लॉर्ड ग्रे याने एक अगडबंब उमराव आला तेव्हा गमतीने त्याला एकदम दहा मोजलं. दुसऱ्या बाजूचा लॉर्ड नॉरिस नेहमीप्रमाणे आपल्याच तंद्रीत होता, त्याच्या ते ध्यानात आलं नाही, मग ग्रेनेही आकडा तसाच पुढे रेटला. नोंदीत ५७ विरुद्ध ५५ मतं आहेत, म्हणजे ११२. आणि त्याच नोंदीप्रमाणे त्या दिवशी हजर होते १०७. बर्नेटचा किस्सा अक्षरशः खरा असेलच असं नाही. पण माणसाला मनमानी कैदेत टाकण्याविरुद्धचा इतका मोठा कायदा एका टेलरच्या मोजणीवर तरला आणि मोजणीची ‘टेल’ झाली, या शब्दाला याहून शोभेसा प्रसंग शोधूनही मिळायचा नाही.

मागे राहिलेल्या वाक्प्रचारांत मला ‘अनटोल्ड’ सर्वांत आवडतो. ‘अनटोल्ड’ संपत्ती म्हणजे अगणित, ‘अनटोल्ड’ गोष्ट म्हणजे न सांगितलेली. आणि ‘अनटोल्ड’ हालअपेष्टा? मोजता न येणाऱ्या की सांगता न येणाऱ्या? इंग्रजी लेखक इथे निवड करत नाही, वाचकही करत नाही. मराठीत आणताना मात्र करावी लागते, आणि अर्धा अर्थ हातचा जातो. ‘ऑल टोल्ड’चं भाषांतर घाईत ‘सगळं सांगून झाल्यावर’ असं झालेलं पाहिलं आहे. तिथे ‘एकूण मिळून’ एवढंच म्हणायचं असतं. ‘टोल्ड ऑफ’चा प्रवास तर नमुनेदार. फौजेत शिपाई मोजून वेगळे काढून कामाला धाडत, ते ‘टोल्ड ऑफ’. आता त्याचा अर्थ खरडपट्टी. फौजेत नाव पुकारून बाजूला काढलं की पुढे काय ऐकायला मिळे, याचा अंदाज करता येतो. आपणही तक्रारींचा पाढा वाचतोच. आकड्यांचा पाढा आणि गाऱ्हाण्यांचा पाढा यांत ‘वाचणे’ सारखंच, आणि ऐकणाऱ्याची दशाही.

‘टेल’च्या भोवती ‘से’, ‘स्पीक’, ‘टॉक’ ही जी मंडळी आहेत त्यांच्यापैकी ‘टॉक’ त्याचाच नातलग. नाम ‘टेल’ला ‘क’ लागून तो झाला, ‘हिअर’वरून ‘हार्क’ व्हावा तसा. बाकीच्यांकडे इथे वळत नाही. फक्त ‘से’शी असलेला फरक सांगायला हवा, कारण तिथे मराठी माणूस हमखास अडखळतो. ‘ही टोल्ड दॅट’ हे आपल्याकडचं लाडकं वाक्य. ‘त्याने सांगितलं की’ हे आपल्याला पुरतं, कुणाला सांगितलं ते संदर्भात असतंच. इंग्रजी ‘टेल’ला तेवढ्याने चैन पडत नाही, ‘कुणाला?’ म्हणून ते थबकतं. व्याकरणाचं पुस्तक हा नियम देऊन मोकळं होतं. मला वाटतं की मापाखाली पदर धरणारं कुणी असावं लागतं, ही त्या मोजणीचीच सवय आहे. ‘से’ हवेत बोललेलं चालवून घेतं, ‘टेल’ला घेणारा हवा.

मग खरं बोलणं, खोटं बोलणं, गोष्ट, विनोद, भविष्य, घड्याळातली वेळ, यांना श्रोत्याशिवाय ‘टेल’ कसं चालतं? या सवलतीचा एक धागा मला पटतो: यांतल्या बहुतेकांचा जिन्नस सुटा, पुरा बांधलेला आहे. आधी हे, मग ते, शेवटी हे. वेळ तर मोजलीच जाते. चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’ची मांडणी केली तीही हिशेबानेच: यात्रेकरू एकोणतीस, प्रत्येकाने जाताना दोन आणि येताना दोन गोष्टी सांगायच्या. प्रत्यक्षात मंडळी मोजायला गेलं तर एकोणतीसचा मेळ बसत नाही, आणि गोष्टी झाल्या चोवीस, त्यातल्याही काही अर्धवट. कारकुनी आणि जकातीच्या हिशेबात आयुष्य घालवलेल्या कवीने आपलीच बेरीज अशी मोकळी सोडावी, याचं मला फार सुख वाटतं.

हुकमाचा अर्थ दोन्ही भाषांत सारखाच रुजला. सांगितलेलं ऐकणे, सांगकाम्या, ‘डू ॲज यू आर टोल्ड’. ओळखण्याचा अर्थ मात्र इंग्रजीचा खास. जुळ्यांतलं कोण कोणतं हे ‘टेल’ करता येत नाही म्हणतात तेव्हा कुणीच काही बोलत नसतं. एक आणि दुसरा असं वेगळं मोजता येत नाही, एवढंच. तसंच प्रत्येक घाव ‘टोल्ड’, म्हणजे प्रत्येक घाव हिशेबात धरला गेला, वाया गेला नाही. पोकरच्या टेबलावर तर ‘टेल’ हे नामच झालं आहे: खेळाडूच्या नकळत हलणारी भुवई किंवा चिप्सकडे वळलेली नजर, जिच्यावरून समोरचा त्याची पानं ताडतो. मराठीत याला ‘भुवई बोलली’ असं म्हणता येईल, पण बोलण्यात आणि नकळत हिशेब देऊन बसण्यात फरक आहे.

आणि ‘टेल मी अबाउट इट’. शब्दशः विनंती, प्रत्यक्षात कानांवर हात. गाडी पुन्हा रद्द झाली म्हणून लंडनच्या फलाटावर कुणी कुरकुरलं की शेजारचा ‘टेल मी अबाउट इट’ म्हणतो, म्हणजे या यादीतला एकूण एक आकडा मला पाठ आहे, तू नव्याने मोजू नकोस. डोंबिवलीच्या फलाटावर हेच ‘मला काय सांगता!’ होतं. दोघांनाही पुढचं काही ऐकायचं नसतं. फरक इतकाच की डोंबिवलीकर असं म्हणून स्वतःची गाऱ्हाणी सांगायला सुरुवात करतो.