टोळीतील स्त्री आणि आमचे वाङ्मय

मुंबईच्या गुंडगिरीवर पुस्तके लिहिण्याची व चित्रपट काढण्याची प्रथा आता जुनी झाली. परंतु त्या गुंडगिरीतील स्त्रियांकडे लेखकांची दृष्टी वळली ती अलीकडेच. २०११ साली एस. हुसेन झैदी यांनी जेन बोर्जेस यांच्या साहाय्याने 'माफिया क्वीन्स ऑफ मुंबई' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. २०१७ साली दाऊद इब्राहीमच्या बहिणीवर 'हसीना पारकर' हा हिंदी चित्रपट निघाला. आणि २०२२ साली झैदींच्याच पुस्तकातील एका प्रकरणावरून संजय लीला भन्साळी यांनी 'गंगूबाई काठियावाडी' काढला. हा शेवटचा चित्रपट आमच्या शिवाजी पार्काभोवतालच्या सुशिक्षित घरांतही सहकुटुंब पाहिला गेला, आणि कट्ट्यावर संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींत त्यावर जी चर्चा चाले तीत नायिकेच्या पांढऱ्या साड्यांना मानाचे स्थान असे. गुन्हेगारीच्या कथेने मन रमवावे यात आम्हांस वावगे वाटत नाही. आमची तक्रार निराळी आहे. ह्या सगळ्या खटाटोपात टोळीतील स्त्री म्हणून जी आमच्यापुढे उभी केली जाते ती कोण, आणि ती टोळीत नेमके करते काय, हा साधा प्रश्न लेखकांनी विचारलेलाच दिसत नाही.

असल्या विषयास वाङ्मयाने शिवूच नये असे म्हणणारा एक पक्ष आमच्यात आहे, व त्याचा आवाज पूर्वी फार मोठा होता. १९६५ साली भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' ही कादंबरी आली तेव्हा आचार्य अत्रे यांनी तिच्यावर जे शस्त्र धरले त्याची आठवण जुन्या वाचकांस असेल. तो वाद आज पुन्हा उकरण्याचे कारण नाही. पाध्यांचे पुस्तक टिकले, आणि ते टिकावे अशाच योग्यतेचे होते. परंतु अश्लीलतेच्या गदारोळात एक गोष्ट अत्र्यांच्याही नजरेतून सुटली व त्यांच्या विरोधकांच्याही. पोक्या आणि त्याचे सोबती ज्या नाक्यावर उभे राहतात तो नाका सर्वस्वी पुरुषांचा आहे. मुली तेथून जातात, थांबत नाहीत. त्या कथेचा शिकार असतात, कथा सांगणाऱ्या कधीच नसतात. नाक्यावरून खाली मान घालून जाणाऱ्या मुलीला त्या पोरांविषयी काय वाटत होते, हे जाणण्याची सोय पाध्यांच्या निवेदनपद्धतीतच नाही. लेखकाने पोक्याच्या तोंडून बोलायचे ठरविले, तेव्हा पोक्याला जेवढे दिसते तेवढेच आपणांस दिसणार हे मान्य केले पाहिजे. पण मग तो नाका म्हणजेच सारी वस्ती असे टीकाकारांनी तरी समजू नये.

हा दृष्टिदोष केवळ आमचाच आहे असे नव्हे. अमेरिकेतील फ्रेडरिक थ्रॅशर ह्या समाजशास्त्रज्ञाने शिकागो शहरातील १,३१३ टोळ्यांचा अभ्यास करून १९२७ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यात मुलींच्या म्हणता येतील अशा टोळ्या त्याला पाच-सहाच सापडल्या. पुढे पन्नास वर्षे विद्वानांनी हा आकडा प्रमाण मानला. ज्याने रस्त्यावर उभे राहून टोळी मोजली त्याला रस्त्यावर उभे असलेलेच दिसणार. टोळीचा जो भाग घरात राहतो तो मोजायचा तर घरात शिरावे लागते.

आमच्या नाटककारांनी व चित्रपटकारांनी घरात शिरण्याचा प्रयत्न केला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. महेश मांजरेकरांच्या 'वास्तव' (१९९९) मध्ये चाळीतला तरुण गुंड होतो, आणि अखेर त्याची आईच त्याला गोळी घालते. रीमा लागूंचा अभिनय उत्तम होता, यात शंका नाही. परंतु ही आई आम्हांस १९५७ च्या 'मदर इंडिया'पासून परिचयाची आहे. मुलाच्या पापाशी तिचा संबंध दोनच प्रकारचा: प्रथम रडणे व शेवटी न्याय करणे. मुलाने आणलेल्या पैशांतून घरात जे आले त्याचे तिने काय केले, हा प्रश्न असल्या कथेत विचारला की कथा कोसळते. म्हणून तो विचारला जात नाही.

जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) ह्याहून कितीतरी वरच्या पायरीचे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणीसंपात सुमारे अडीच लाख कामगार होरपळले, आणि त्या राखेतून लालबाग-परळच्या टोळ्यांना पोरांचा पुरवठा झाला, हे आज सर्वमान्य आहे. पण ते एका चाळीतील खोलीत, तीन मुलगे व एक मुलगी असलेल्या घरात, जेवणाखाणाच्या कटकटींतून दाखविणे हे पवारांचे कर्तृत्व. येथील आई केवळ अश्रू ढाळीत नाही. ती चिडते, टोचून बोलते, आणि रोजची चूल कशी पेटवावी ह्या चिंतेत तिचे सारे नीतिशास्त्र गुरफटलेले असते. मराठी रंगभूमीवर टोळीच्या इतक्या जवळची व इतकी खरी स्त्री दुसरी आम्हांस आठवत नाही. तथापि ती टोळीच्या जवळची आहे, टोळीतली नव्हे. मुलगा उंबरठ्याबाहेर गेला की तिचे जग संपते.

मातेचा मार्ग असा सरळ असल्यामुळे की काय, पुढच्या लेखकांनी राणीचा मार्ग धरला. झैदी व बोर्जेस यांचे पुस्तक हे त्या मार्गावरचे मुख्य ठाणे. पुस्तकात परिश्रम आहेत, माहितीही पुष्कळ आहे. आमच्या मते त्यातील सर्वांत चांगले प्रकरण डोंगरीच्या जेनाबाईचे. फाळणीनंतर नवरा पाकिस्तानात गेला, ही मुलांना घेऊन येथेच राहिली. शिधावाटपाच्या काळात तांदळाच्या काळ्या बाजारात शिरली, आणि पुढे दारूबंदीने दारूच्या धंद्यात नेली, असे ग्रंथकार सांगतात. येथे प्रत्येक पायरीला कारण आहे. शिधापत्रिका हाती असते ती बाईच्या. धान्याचा भाव तिलाच ठाऊक असतो. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आल्यावर हातभट्टीची दारू घरातच गाळली व घरातच विकली जाऊ लागली, तेव्हा माहीम-वांद्र्याकडे असल्या गुत्त्यांना 'आँटीचा अड्डा' असे नाव पडले ते काही विनोदाने नव्हे. सरकारने धंदा दुकानातून हाकलला, तो स्वयंपाकघरात आला. आणि स्वयंपाकघर कोणाचे हे काय सांगावयास हवे? जेनाबाईचे चरित्र ह्या दृष्टीने वाचले म्हणजे ती राणी वाटत नाही, एक हिशेबी, धीट, परिस्थितीने पेचात धरलेली गृहिणी वाटते. ग्रंथकारांना मात्र मथळ्यासाठी राणीच हवी होती.

त्याच पुस्तकातील सपना दीदीचे प्रकरण ह्याच्या उलट टोकाचे आहे. नवऱ्याच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी शारजाच्या क्रिकेट-मैदानावर दाऊदचा वध करण्याचा बेत करणारी ही बाई वाचकास खिळवून ठेवते खरी. परंतु ही कथा बव्हंशी ज्या एका पुरुषाच्या आठवणींवर उभी आहे तो स्वतः त्या कथेतील एक पात्र आहे, आणि तिचा बोलण्याचा अधिकार १९९४ साली तिच्या खुनाबरोबर संपला. मेलेल्या बाईविषयी जिवंत पुरुषाने सांगितलेली गोष्ट ग्रंथकाराने अधिक कसोशीने पारखावयास हवी होती.

आता गंगूबाई. भन्साळींचा चित्रपट पाहताना डोळे दिपतात, आणि दिपलेल्या डोळ्यांना हिशेबाची वही दिसत नाही. कामाठीपुऱ्यात कुंटणखाना चालविणाऱ्या बाईला 'घरवाली' म्हणतात. हिंदीत हाच शब्द पत्नीला लावतात. ह्या एका शब्दात जेवढे समाजशास्त्र भरले आहे तेवढे अडीच तासांच्या चित्रपटात नाही. घरवाली ही पूर्वी विकली गेलेली मुलगी असते, आणि आता तिचे पोट दुसऱ्या विकल्या गेलेल्या मुलींच्या कमाईवर चालते. पीडित आणि पीडक ह्या दोन भूमिका एकाच देहात नांदतात, ही वस्तुस्थिती एखाद्या मोठ्या लेखकाला आयुष्यभर पुरावी अशी आहे. चित्रपटाने काय केले? नायिकेचे दुःख पूर्वार्धात संपविले आणि उत्तरार्धात तिला आझाद मैदानावर भाषण दिले. टोळीच्या म्होरक्याला ती भाऊ मानते तेथे प्रेक्षक गहिवरतात. परंतु त्या भावाच्या दराऱ्याचे मोल धंद्यात कोणत्या रकान्यात मांडले जात होते, हे कळत नाही.

हिशेबाची वही आम्ही पुन्हा पुन्हा काढतो, याचे कारण वाचकांस सांगितले पाहिजे. इंग्रजी वाङ्मयात चोरांच्या टोळीवरील सर्वांत शहाणे नाटक म्हणजे जॉन गे याचे 'द बेगर्स ऑपेरा' (१७२८). पडदा वर जातो तेव्हा चोरीचा माल घेणारा पीचम जमाखर्चाची मोठी वही पुढे घेऊन बसलेला असतो. मुलीने दरोडेखोराशी लग्न केले म्हणून आईबाप संतापतात ते कुळाला बट्टा लागला म्हणून नव्हे, धंद्याची गुपिते परघरी गेली म्हणून. आणि मुलीला सल्ला देतात की, नवऱ्याला फासावर चढव व श्रीमंत विधवा हो. दोनशे वर्षांनी, १९२८ साली, ब्रेख्टने त्याच कथेवर आपले नाटक रचले. त्यात नायक पळ काढताना टोळीचा कारभार बायकोच्या हाती देतो, आणि कालपर्यंत नवरी असलेली पॉली टोळीची मालकीण होते. तिला पिस्तूल चालविता येण्याची गरज पडत नाही. तिला आकडे कळतात. पु. ल. देशपांडे यांनी 'तीन पैशाचा तमाशा' ह्या नावाने ह्याच नाटकाचे रूपांतर केले व १९७८ साली ते मोठ्या थाटाने रंगभूमीवर आले. आमच्या प्रेक्षकांनी त्यातील संगीत डोक्यावर घेतले, आणि पॉलीची वही तेथेच सोडून ते घरी गेले. मराठीत त्यानंतर ती वही कोणी उचललेली नाही.

उचलण्यास सामग्री नव्हती असे म्हणावे, तर ती दाराशीच होती. शिवाजी पार्काच्या गृहिणी ज्या दादरच्या बाजारातून भाजी आणतात त्याच बाजारात अमर नाईक भाजी विकत असे, आणि तेथील हप्त्याच्या भांडणातून त्याची टोळी उभी राहिली, असे सांगितले जाते. तो १९९६ साली पोलिसांच्या गोळीला बळी पडला. हप्ता भाजीवालीने दिला, भाजीवालीने तो भावात चढविला, आणि आमच्या पिशवीतून तो आम्हीच भरला. टोळीचे अर्थशास्त्र आमच्या उंबरठ्याच्या आत कितीतरी वर्षे होते. अमरचा भाऊ अश्विन याची पत्नी नीता नाईक ही शिकलेली बाई. ती शिवसेनेची नगरसेविका झाली, आणि २००० साली तिच्यावर गोळ्या झाडून तिचा खून करण्यात आला. खटल्यात आरोप पतीवर आला, न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. झैदींच्या पुस्तकात तिच्यावर प्रकरण आहे, पण त्यात तिच्या संसाराची शोकांतिका जितकी आहे तितकी तिची नगरसेवकी नाही. आम्हांस तर दुसरीच गोष्ट अधिक विचार करण्याजोगी वाटते. ज्या महापालिकेत अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नाने १९२७ साली माहीम पार्काला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, तीत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखून ठेवण्याचा दंडक १९९२ च्या घटनादुरुस्तीने आला, व २०१२ च्या निवडणुकीत ते प्रमाण निम्म्यावर गेले. सुधारणा स्वागतार्हच होती. परंतु जो पुरुष तुरुंगात आहे किंवा फरारी आहे त्याच्या घरातील बाई निवडणुकीस उभी राहते, पाण्याच्या नळासाठी भांडते, दवाखान्याची चौकशी करते, आणि वस्तीतील बायका तिला मनापासून मते देतात, तेव्हा ती कोणाची प्रतिनिधी असते? अशा प्रत्येक स्त्रीला गुन्हेगार ठरविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तसे करणे अन्यायाचे होईल. प्रश्न तिच्या अंतःकरणाचा आहे, आणि तो कायद्याने सुटत नाही, कादंबरीने सुटतो.

न्यूयॉर्कमधील टोळ्यांतल्या तीन स्त्रियांच्या सहवासात राहून अ‍ॅन कॅम्बेल हिने १९८४ साली 'द गर्ल्स इन द गँग' हे पुस्तक लिहिले. बंडखोर नायिका भेटतील ह्या अपेक्षेने जो ते उघडील त्याची निराशा होईल. त्या बायका चांगली आई कोण व वाईट चालीची कोण ह्याचे निवाडे करतात, नवऱ्याच्या मर्जीची वाट पाहतात, मुलांच्या शाळेची काळजी वाहतात. टोळीने त्यांना घराच्या बंधनातून सोडविले नाही. टोळी हेच एक अधिक धोक्याचे घर झाले. दगडी चाळीवरचे 'दगडी चाळ' (२०१५) व 'डॅडी' (२०१७) हे चित्रपट पाहताना आम्हांस हे पुस्तक पदोपदी आठवत होते. पुरुषांच्या चालण्या-बोलण्याच्या लकबी दोन्हीकडे बारकाईने टिपल्या आहेत. पण ज्या घरात दिवसरात्र माणसांचा राबता आहे त्या घरात शिजत काय होते व किती जणांचे, हे दिग्दर्शकांना पाहावेसे वाटलेले नाही.

मराठीत ह्या वाटेने थोडे तरी पुढे गेलेले पुस्तक शोधू लागलो म्हणजे आम्हांस जयवंत दळवी यांच्या 'चक्र'कडेच (१९६३) वळावे लागते. त्यातील अम्मा झोपडपट्टीत राहते. तिच्या वाढत्या मुलाला, बेन्वाला, लुक्का नावाच्या मवाल्याचे आकर्षण आहे; लुक्काला ती स्वतः दारातून हाकलीत नाही, आणि देवही मानीत नाही. तिला पुरुष हवा असतो, डोक्यावर धड छप्पर हवे असते, आणि मुलगा तुरुंगात जाऊ नये असेही वाटत असते. ह्या तिन्ही इच्छा एकमेकींचा घात करतात हे तिला कळते, तरी तिच्याने त्यांतील एकही सोडवत नाही. १९८१ च्या चित्रपटात स्मिता पाटील यांनी तिला जो देह व जो आवाज दिला तो विसरण्यासारखा नाही. दळवींनी तिच्यावर निकाल दिला नाही, तिला सिंहासनही दिले नाही. त्यांच्या शैलीत ठिकठिकाणी भडकपणा आहे, झोपडपट्टीतील घाणीचे वर्णन करताना त्यांना थांबावे कोठे हे कळत नाही, आणि उत्तरार्धात प्रसंगांची गर्दी होते. हे दोष मोठे आहेत. परंतु अम्मा लुक्काला दारात बसवून चहा देते तेव्हा टोळीचा एक दोरा घरात आलेला आपणांस स्पष्ट दिसतो, आणि तो दोरा ओढून पुढे नेणारी अम्माची मुलगी, म्हणजे १९८२ नंतर वाढलेली, शाळेत गेलेली, भावाच्या वकिलाची फी कोठून येते हे जाणणारी, आर्थर रोड तुरुंगाच्या दाराशी मुलाखतीच्या रांगेत उभी असलेली मुलगी, आम्ही अजून मराठीत वाचलेली नाही.