परवान्यातील ‘जनरल’: एका संज्ञेची चिकित्सा

बांधकाम-परवान्यांतील ‘जनरल’ हे विशेषण मराठीत ‘सामान्य’ या शब्दाने आणणे सदोष होय. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ‘जनरल बिल्डिंग’ कंत्राटदाराच्या व्याख्येस परस्परांशी असंबद्ध अशा किमान २ कारागिरींची अट आहे; तेथे विशेषण कौशल्यांची अनेकता दर्शविते. फ्लोरिडात ‘बिल्डिंग’ कंत्राटदाराचे क्षेत्र ३ मजल्यांपर्यंतच्या इमारतींपुरते असून ‘जनरल’ कंत्राटदारास ती मर्यादा नाही. तेथे तेच विशेषण अधिकाराची व्याप्ती सांगते. ‘सामान्य’ या शब्दातून यांपैकी एकही अर्थ निष्पन्न होत नाही. उलट ‘साधारण प्रतीचा’ असा, परवानाधारकास अन्यायकारक अर्थ ध्वनित होतो. सबब अनुक्रमे ‘बहुकारागिरी’ व ‘अमर्यादित’ या दोन संज्ञा योजणे युक्त. मूळ शब्द एक, म्हणून प्रतिशब्दही एकच, हा आग्रह परिभाषाशास्त्रास धरून नाही.